मृत्युपत्र करायला गेलो आणि वकील मॅडमनी आधी विचारलं, "बेशुद्ध असाल तेव्हा सही कोण करणार?"

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं, आज बसून लिहितेच. आईचं, माझं आणि माझ्या नवऱ्याचं अशी तीन मृत्युपत्रं आणि त्यासोबतची बाकीची कागदपत्रं आम्ही एका वकील मॅडमकडून करून घेतली, त्या कामाबद्दल हा रिव्ह्यू आहे. नाव देत नाहीये, कारण वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे आणि मॅडमनी स्वतःच सांगितलं की माझं नाव कुठे टाकू नका, काम कसं झालं ते लिहा. त्यामुळे कामच लिहिते, म्हणजे तुम्ही कुठल्याही वकिलाकडे गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते, नाहीतर मी एवढी भरभरून का लिहितेय ते समजणार नाही.

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि त्यानंतर ते अकरा महिने होते. होते म्हणजे होते, बोलणं गेलं होतं, माणसं ओळखायचे असं आम्हाला वाटायचं पण डॉक्टर खात्रीने सांगायचे नाहीत. बाबांची सगळ्यात मोठी एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. हॉस्पिटलचं बिल वाढत चाललेलं आणि पैसे आमच्याच घरचे, पण हात लावता येत नाही. बँकेतला माणूस घरी आला, बाबांच्या उशाशी बसला, त्यांचं नाव विचारलं, दोनदा विचारलं. बाबा छताकडे बघत होते. मी त्यांचा अंगठा हातात धरून बसलेले, शाईचं पॅड उघडं होतं, आणि तो माणूस हळूच पॅड बंद करून म्हणाला ताई, यांना समजत नसेल तर हा अंगठा मी घेऊ शकत नाही. तेव्हा मला त्याचा खूप राग आला होता. आज कळतं की तो बरोबर होता, असा अंगठा कुणीही कुणाचाही घेऊ शकला असता.

मग आम्हाला आठवलं की बाबांनी मागे भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, पॉवर ऑफ ॲटर्नी, चांगलं नोटरी केलेलं. ते घेऊन भाऊ पळाला. तिथे कळलं की ज्याने ते दिलंय त्याचीच समज गेली की ते संपतं, १८७२ च्या करार कायद्यातच तसं आहे, कलम २०१. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो असं आपल्याला वाटतं नेमका त्याच दिवशी ते निकामी होतं. काही देशात समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तशी सोय कायद्यात नाही. मार्ग काय तर कोर्टात जाऊन पालक नेमून घ्या, कोमातल्या माणसाच्या बाबतीत लोकांना हायकोर्टात रिट, म्हणजे थेट हायकोर्टाकडे याचिका, करावी लागते, केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. आम्ही ते सुरू करेपर्यंत बाबा गेले. बिल मी आणि भावाने कर्ज काढून भरलं.

आणि बाबांचं मृत्युपत्र नव्हतं. सगळे म्हणाले काय फरक पडतो, तुम्ही दोघंच भावंडं, आई आहे, भांडण नाहीये. भांडण खरंच नव्हतं आणि आजही नाही. पण आजी होती, बाबांची आई. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात बायको आणि मुलांच्या बरोबरीने आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे फ्लॅटचे चार हिस्से, आई, मी, भाऊ आणि आजी. आजीच्या नावावर हिस्सा आलाय हे आम्हाला कळेपर्यंत आजीही गेली, बाबांनंतर आठ महिन्यांनी. मग तिचा पाव हिस्सा तिच्या मुलांकडे गेला, म्हणजे आत्या, काका आणि बाबांच्या जागी आम्ही दोघं. आई ज्या घरात इतकी वर्षं राहतेय त्यात आत्या आणि काकाही कायद्याने मालक झाले. दोघंही म्हणाले आम्हाला काही नको, आत्या तर रडली की मला कशाला यात ओढताय, पण नुसतं "नको" म्हणून चालत नाही, हक्कसोड पत्र करून नोंदणी करावी लागते. काका परदेशात. त्यांना तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इथे आलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची आणि मग पुढचं. बाबांनी साध्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर यातलं काहीच झालं नसतं. हो, साधा कागद चालतो. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. मला हे सगळं बाबा गेल्यावर कळलं.

तर आता मॅडमकडे.

पहिल्या भेटीत मी यादी घेऊन गेलेले, आईचं काय काय आहे आणि कुणाला काय द्यायचं. मॅडमनी यादी बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, काकू, समजा तुम्ही सहा महिने बेशुद्ध आहात, तुमचं लाइट बिल, औषधं, नर्सचा पगार कुठल्या खात्यातून जाणार आणि त्यावर सही कोण करणार? मी आणि भाऊ एकमेकांकडे बघायला लागलो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, त्याच्या आधी जो काळ असतो, आमच्या बाबांचे ते अकरा महिने, त्याला मृत्युपत्राचा काहीही उपयोग नाही. आणि मी चार वकिलांना फोन केले होते त्यातल्या एकानेही हा विषय काढला नव्हता. मी त्याच दिवशी ठरवलं की काम इथेच द्यायचं.

मग मॅडमनी एकेक खातं घेतलं. आईचं सेव्हिंग आता भावासोबत जॉइंट केलंय, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालतं. एफडीचं त्यांनी वेगळं सांगितलं, की जॉइंट असली तरी मुदतीआधी मोडायची झाली तर बँका सहसा दोघांच्या सह्या मागतात, त्यामुळे सगळे पैसे एका मोठ्या लांब मुदतीच्या एफडीत ठेवू नका, तुकडे करा, वेगवेगळ्या महिन्यात मॅच्युअर होऊ द्या. इतकी साधी गोष्ट, पण बाबांच्या वेळी कुणी सांगितली असती तर कर्ज काढायची वेळ आली नसती. आणि हेही सांगितलं की जॉइंटला नाव लावलं म्हणजे पैसे त्या माणसाचे झाले असं नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहायचं की भावाचं नाव फक्त सोयीसाठी आहे.

नॉमिनीचंही तेच. आमच्या घरात सगळ्यांचा ठाम समज होता की नॉमिनी म्हणजे वारस. तसं नाहीये. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात बँक पैसे देऊन मोकळी होते तो, त्याने ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीत वाद होता तोसुद्धा सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये मिटवला, नॉमिनी मालक होत नाही. बँकेत आता १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट किंवा एकामागून एक. मॅडमनी मृत्युपत्र आणि नॉमिनी एकमेकांशी जुळवून घेतले, एका ठिकाणी माझं नाव आणि दुसऱ्या ठिकाणी भावाचं असं नको, भांडणं तिथूनच सुरू होतात म्हणाल्या.

लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा, विषय आईनेच काढला. म्हणाली ह्यांना जसं नळ्या लावून ठेवलं तसं मला ठेवू नका. मी उठून बाहेर गेले, मला ऐकवेना. परत आले तेव्हा मॅडम तिला शांतपणे सांगत होत्या की वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या मुंबईतल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसनंतर कोर्टात हा विषय पुढे गेला, २०१८ मध्ये घटनापीठाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, आणि आधी मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागायचं ते जानेवारी २०२३ पासून सोपं झालंय, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. हेही स्पष्ट सांगितलं की कागद आहे म्हणून लगेच मशीन बंद करत नाहीत, हॉस्पिटलचं डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, दोघांचं एकमत लागतं. आईने दोन दिवस विचार केला आणि केलं. त्यात तिच्या वतीने बोलणारे म्हणून माझं आणि भावाचं दोघांचं नाव आहे. एक प्रत आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आहे.

आता जी गोष्ट मला तेव्हा लागली होती ती सांगते. दुसऱ्या भेटीत मॅडम म्हणाल्या, ताई, तुम्ही आणि दादा बाहेर बसा, मला काकूंशी एकटीशी बोलायचंय. पाऊण तास आम्ही बाहेर. मला वाटलं हिला काय आमच्यावर संशय आहे का. नंतर त्यांनीच समजावलं, ज्याला मिळणार आहे तो मृत्युपत्र करताना पुढे पुढे करत असेल तर कोर्ट ते संशयाने बघतं, सुप्रीम कोर्टाने १९५८ पासून हे सांगून ठेवलंय, उद्या कुणी आव्हान दिलं तर मी शपथेवर सांगू शकले पाहिजे की काकूंनी स्वतः सांगितलं आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आणि त्या पाऊण तासात आईने काय सांगितलं माहितीये, तिला तिच्या दागिन्यातलं थोडं आमच्याकडे वीस वर्षं काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला द्यायचं होतं. आमच्यासमोर ती हे कधीच बोलली नव्हती, आम्हाला वाईट वाटेल म्हणून. आम्हाला कशाला वाईट वाटेल. पण खोलीत आम्ही असतो तर ते राहूनच गेलं असतं हे नक्की.

ड्राफ्ट पहिल्यांदा इंग्रजीत आला आणि यावर माझी तक्रार आहे. आईला इंग्रजी वाचता येत नाही हे पहिल्या भेटीत दिसत होतं. आम्ही मराठीत मागितला तर तीन आठवडे लागले आणि जो आला तो पण "सदरहू मिळकतीबाबत मी लिहून देणार" अशा भाषेत. आईने दोन पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला, म्हणाली यात मी कुठेच नाहीये. मॅडमना तसं सांगितलं, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, आईसमोर बसून परत लिहून घेतलं. शेवटचा ड्राफ्ट आईच्या बोलण्यासारखा आहे. मोजून सात आठवडे लागले एकूण, त्यातले निम्मे वाचवता आले असते. घाईचं काम असेल, कुणी हॉस्पिटलमध्ये असेल, तर आधीच तसं स्पष्ट सांगा.

ड्राफ्टमधल्या दोन ओळींसाठी मात्र मी त्यांचे आभार मानते. एक म्हणजे फ्लॅटबद्दल त्यांनी टक्केवारी लिहिली नाही, "माझ्या मृत्यूच्या वेळी या फ्लॅटमध्ये माझा जो काही हिस्सा असेल तो" असं लिहिलं, कारण हक्कसोड व्हायच्या आधी आणि नंतर आईचा हिस्सा वेगळा असणार. दुसरी म्हणजे शेवटी "यात न लिहिलेली आणि यापुढे मला मिळेल ती सर्व मिळकत" कुणाला ते. ही ओळ नसली की विसरलेली एखादी पावती, जुनं खातं, सगळं परत वारसा कायद्याने वाटायला जातं, म्हणजे आमची फ्लॅटची कहाणी पुन्हा. आणि आमच्याकडे विसरलेलं खातं निघालंच. मॅडमनी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर बाबांच्या नावाने शोधायला सांगितलं, २०२३ मध्ये सुरू झालंय ते, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी त्यावर दिसतात. बाबांच्या पहिल्या नोकरीच्या गावचं एक सेव्हिंग खातं सापडलं. रक्कम फार नाही, पण पासबुकवर बाबांची तरुणपणची सही होती, आई ती बोटाने गिरवत बसली होती.

सह्यांचा दिवस. मॅडमनी साक्षीदार आमचे आम्ही निवडायला सांगितले पण अटी घातल्या. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो नको, त्याचा नवरा बायको पण नको, आणि वयाने आईपेक्षा लहान हवेत, कारण उद्या कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर निदान एक साक्षीदार उभा राहावा लागतो. आम्ही फॅमिली डॉक्टरांना आणि भावाच्या एका मित्राला घेतलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी आईला तपासून ती पूर्ण शुद्धीत आणि समजून सही करतेय असं सर्टिफिकेट दिलं, तारीख तीच. आईने आधी पूर्ण मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, मॅडमनी वाचलं नाही, आईनेच. प्रत्येक पानावर सही, एका ठिकाणी खाडाखोड झाली तर ते पान परत प्रिंट केलं. दोन्ही साक्षीदारांनी आईला सही करताना बघितलं आणि मग आईसमोर स्वतःच्या सह्या केल्या. १९२५ च्या वारसा कायद्यात कलम ६३ आहे, त्यात हीच पद्धत आहे, पण बरेच लोक साक्षीदाराच्या घरी कागद पाठवून सही मागवतात. तसं अजिबात करू नका. नंतर दुय्यम निबंधकांकडे नोंदणीही केली. सक्तीची नाही हे वर लिहिलंय, पण मूळ प्रत हरवली तर नक्कल मिळते आणि बनावट म्हणणं अवघड जातं. आईला कधीही बदलायचं असेल तर ती बदलू शकते, शेवटचं असेल तेच खरं.

एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस म्हणून, आईने मला नेमलंय आणि मला जमलं नाही तर माझ्या नवऱ्याला. मला वाटलं मान दिला. मॅडम म्हणाल्या मान आहे पण काम पण आहे, आधी देणी फेडायची, शेवटच्या वर्षाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं, त्यासाठी पोर्टलवर वारस म्हणून वेगळं रजिस्टर व्हावं लागतं, आणि मग उरेल ते वाटायचं. देणी मालमत्तेतूनच, खिशातून नाही, हेही सांगितलं. बाबांच्या क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन यायचे तेव्हा मला हे माहीत असतं तर मी इतकी घाबरले नसते.

त्यांच्याकडून एक कोरा फॉर्म मिळतो, सगळी खाती, पॉलिसी, लॉकर, मोबाइल, ईमेल लिहायला. पासवर्ड मृत्युपत्रात लिहायचे नाहीत कारण ते कागद उद्या दहा लोक वाचणार. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे, तुम्ही ठरवाल तितके महिने खातं वापरलं नाही, तीन ते अठरापर्यंत, की तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. माझ्या फोटोंसाठी मी नवऱ्याचं नाव लावलंय. फॉर्ममध्ये लॉकरच्या किल्लीचा रकाना नव्हता, तो आम्ही हाताने वाढवला.

ट्रस्टबद्दल, म्हणजे एखाद्यासाठी मालमत्ता दुसऱ्यांनी सांभाळायची जी सोय असते तिच्याबद्दल, त्यांनी फार भराभर सांगितलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. ज्यांच्या घरात स्वतःचं स्वतः बघू न शकणारं मूल आहे त्यांच्यासाठी तो विषय सगळ्यात महत्त्वाचा, त्यांनी वेगळी अपॉइंटमेंट घेऊन सावकाश समजून घ्या. फी पहिल्या भेटीतच लेखी दिली आणि शेवटपर्यंत तेवढीच घेतली, मराठी ड्राफ्टचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

जाताना फ्लॅटचं इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळी पासबुकं आणि आधीचं काही मृत्युपत्र असेल तर ते घेऊन जा. आई किंवा बाबा येणार असतील तर सकाळची वेळ मागा, दुपारनंतर तिथे गर्दी असते आणि म्हातारी माणसं थकतात. आत्याचं हक्कसोड पत्र गेल्या महिन्यात नोंदवून झालं, काकांची वकिलातीतली तारीख पुढच्या आठवड्यात आहे, ते कागद आले की तेही काम याच मॅडमकडे दिलंय.